बंब येईपर्यंत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'आय.टी. क्षेत्रातील संधी' हा विषय दिला होता. तुमच्यापैकी निम्म्यांची मुलं आज त्याच क्षेत्रात आहेत आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून मी विषय बदलून मागितला. मी आज आगीबद्दल बोलणार आहे. आपल्याकडे आग लागली तर ती आजवर कोण विझवत आलंय आणि इथून पुढं कोण विझवणार, एवढाच माझा विषय.

हे डोक्यात कसं आलं ते सांगते. पुण्यात मी ज्या कंपनीत काम करते तिथं प्रत्येक मजल्यावर दोन-तीन कर्मचारी 'फायर वॉर्डन' असतात. आमच्या मजल्यावर मी आहे. त्याचा वेगळा पगार नाही. एक नारिंगी जाकीट मिळतं, एक शिट्टी मिळते आणि दर सहा महिन्यांनी सराव करावा लागतो. भोंगा वाजला की लिफ्ट वापरायची नाही, जिन्यानं खाली उतरायचं, मैदानात उभं राहायचं आणि मी हजेरी घ्यायची. शिकवायला येतात ते निवृत्त अग्निशमन अधिकारी आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली. एका टोकाला 'आग लागली', दुसऱ्या टोकाला 'गाडी पोहोचली'. मधल्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "ही मिनिटं तुमची. आमचं काम इथून पुढं."

त्या दिवशी घरी येऊन मी तीच रेघ भूम तालुक्यासाठी ओढून पाहिली. समजा, तालुक्याच्या गावापासून २० किलोमीटरवरच्या एखाद्या वस्तीवर गोठा पेटला. पाण्यानं भरलेली जड गाडी बालाघाटच्या चढउतारावर ताशी ४० च्या वर काही पळत नाही. म्हणजे ३० मिनिटं नुसत्या रस्त्याची. फोन लागणं, वस्तीचा पत्ता समजावून सांगणं, माणसं गोळा होऊन गाडी निघणं, यात आणखी १० मिनिटं धरा. झाली ४०. वाळलेल्या कडब्याची गंजी एवढा वेळ थांबत नाही. बंब पोहोचतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा राखच विझवावी लागते.

यात बंबावरच्या माणसांचा काही दोष नाही. रचनाच तशी आहे. १९९२ साली ७४ वी घटनादुरुस्ती झाली आणि नागरी संस्थांच्या कामांची यादी बाराव्या अनुसूचीत आली. त्यात अग्निशमन सेवा आहे. त्याच वेळी ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली. तिच्यात २९ विषय आहेत आणि त्यांत अग्निशमन नाही. म्हणजे शहराला बंब हा कागदावर हक्काचा, आणि खेड्यानं शेजारच्या शहराकडून तो मागून आणायचा. नियमाची भाषा अशी असली तरी आग काही नगरपालिकेची हद्द बघून लागत नाही.

मग आपल्याकडे आजवर आगी विझल्या कशा?

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आपण नववीत असतानाची एप्रिलमधली ती दुपार आठवत असेल. शाळेमागच्या गल्लीत कडब्याची गंजी पेटली होती. ज्वारीची रास होऊन गेलेली, गंज्या ताज्या रचलेल्या, आणि वारा सुटलेला. विजेच्या तारा एकमेकींवर आपटून ठिणग्या पडल्या. आपल्या शिपाईमामांनी वेळापत्रकात नसलेली घंटा वाजवायला घेतली आणि थांबेचनात. मग देवळाची घंटा वाजू लागली, पाठोपाठ मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं गेलं. पाच मिनिटांत गल्ली माणसांनी भरली. पी. टी.च्या सरांनी मोठ्या मुलांना गोठ्याकडे पिटाळलं आणि ओरडून सांगितलं, दावी सोडत बसू नका, विळ्यानं कापा. पेटलेल्या गंजीकडे कुणीच गेलं नाही. सगळे शेजारच्या दोन गंज्यांना भिडले. पेंढ्या ओढून मध्ये मोकळी जागा केली, पलीकडच्या छपरांवर पाणी मारलं. पेटलेली गंजी गेली, ती रात्रभर धुमसत होती. गोठा वाचला, जनावरं वाचली आणि गल्ली वाचली.

तेव्हा हे सगळं आपोआप घडतं असं मला वाटायचं. आज इंजिनिअर म्हणून मागं वळून त्याचा हिशेब मांडते तेव्हा त्यात किती रीत होती ते दिसतं. माणसांची साखळी होती. १५ लिटरची भरलेली घागर एका हातातून दुसऱ्या हातात जायला चार सेकंद लागतात असं धरलं, तर साखळीतून मिनिटाला सव्वादोनशे लिटर पाणी पुढं जाऊ शकतं. पण आडातून एक पोहरा वर यायला अर्धं मिनिट लागतं. १० लिटरचा पोहरा धरला तर एका रहाटावर मिनिटाला २० लिटर. चार रहाट एकदम चालले तरी ८०. म्हणजे साखळीची ताकद सव्वादोनशेची आणि आडाची ८० ची. आमच्या धंद्यात हे रोज पाहतो. दहा टप्प्यांतला एक हळू असला की बाकी नऊंचा वेग वाया जातो.

मग बाकीचं पाणी आलं कुठून? ते घराघरांतल्या बायकांनी दिलं. आपण दुष्काळी भागातली माणसं. नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी यायचं, म्हणून प्रत्येक घरात रांजण, हंडे, टाकी भरून ठेवलेली असायची. त्या दुपारी सगळ्या गल्लीनं आपलं साठवलेलं पाणी आगीवर ओतलं आणि पुढचे तीन दिवस हापशावर रांग लावली. घागर उचलणाऱ्या पुरुषांची आठवण लोक काढतात. रांजण रिकामा करून देणारीची कुणी काढत नाही. तिच्याशिवाय ती साखळी कोरडीच राहिली असती, म्हणून हे आज मुद्दाम बोलून दाखवते.

आता जगात हेच काम कसं झालं ते थोडक्यात सांगते. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये १७३६ साली बेंजामिन फ्रँकलिननं शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन 'युनियन फायर कंपनी' काढली. सभासद ३०. प्रत्येकानं आपल्या घरी कातडी बादल्या आणि सामान वाचवून नेण्यासाठी पिशव्या तयार ठेवायच्या, असा लेखी करार होता. दक्षिण अमेरिकेत चिली देशात १८५१ साली वालपराइसो या बंदरात स्वयंसेवकांचं अग्निशमन दल उभं राहिलं, आणि आजही त्या देशात बंबावर जाणारे बिनपगारी असतात. जर्मनीत मोठ्या शहरांत पगारी दल असतं, पण लहान गावांचं काम स्वयंसेवकच करतात. त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. मी कामानिमित्त तिथं तीन महिने होते. आमच्या गटातला एक जण बैठकीतून एकदम उठला, कमरेचा पेजर बघितला आणि धावत गेला. साहेबांनी विचारलंही नाही. तिथल्या कायद्यानं मालकाला अशा माणसाला सोडावंच लागतं. दोन तासांनी तो धुराचा वास घेऊन परत आला आणि पुढच्या कामाला लागला.

त्यांच्यात आणि आपल्या गल्लीत मला फरक दिसतो तो एकच. त्यांनी नावं लिहून ठेवली, आपण लिहिली नाहीत. धावून जाणारी माणसं दोन्हीकडे होती. पण वहीत नाव असलं की पुढची पिढी ते काम आपलं समजते. नाव नसलं की एक पिढी गाव सोडून गेली आणि काम संपलं.

आपल्या राज्यात मुंबईनं हे फार किंमत मोजून शिकून घेतलं. १८०३ च्या फेब्रुवारीत फोर्ट भागात लागलेल्या आगीत वस्तीचा मोठा भाग जळाला. स्वतंत्र अग्निशमन दल उभं राहिलं ते १८८७ साली. आणि १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजावर कापसाच्या गाठींना आग लागली. त्याच जहाजात शेकडो टन स्फोटकं होती. स्फोट झाला तेव्हा आग विझवायला गेलेले ६६ जवान मरण पावले. त्यांच्या आठवणीत दर वर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १४ एप्रिलला आपलं सगळं गाव बाबासाहेबांच्या जयंतीत असतं, त्यामुळे हा सप्ताह आपल्याकडे कुणाच्या ध्यानात येत नाही. पण उरलेले सहा दिवस मोकळे असतात, त्यांचा उपयोग पुढं सांगते.

स्वयंसेवकांना वर्दी आणि नाव देण्याचा प्रयत्नही मुंबईतच झाला. ६ डिसेंबर १९४६ ला तिथं होमगार्ड दल सुरू झालं. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत इथल्या माणसाला रात्री गस्त घालायची होती ती वेगळ्याच कारणासाठी. त्यामुळे मुंबई इलाख्यात जे कागदावर आलं ते आपल्यापर्यंत उशिरा पोहोचलं. त्याआधी आपल्याकडे होता तो गावचा जागल्या आणि दवंडी.

आणि मग १९९३. आपण तेव्हा आठवीत होतो. ३० सप्टेंबरला, गणपती बुडवून आल्यावर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आपल्याकडे भांडी पडली आणि माणसं अंगणात येऊन बसली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगडी भिंती आणि जड माळवदं अंगावर आली आणि हजारो माणसं गेली. माळवद आगीपासून वाचवतं. मातीचं छत पेट घेत नाही, म्हणून आपल्या पूर्वजांच्या गल्ल्या सहसा जळत नसत. तेच माळवद भूकंपात काळ ठरलं. त्या पहाटे लष्कर आणि सरकारी यंत्रणा पोहोचण्याआधी ढिगारे कुणी उपसले? जे शेजारी जिवंत राहिले त्यांनी, हातांनी, खोऱ्या-टिकावांनी. आपल्याच जिल्ह्यात घडलेलं हे उदाहरण आहे. संकट कुठलंही असो, पहिला तास शेजाऱ्याचा असतो.

आता तीस वर्षांनंतर काय बदललंय ते बघा.

आगीची कारणं वाढली. पूर्वी चूल, कंदील आणि विडी. आज घरोघरी गॅसचं सिलिंडर आहे, गोठ्यात मोटारीची उघडी जोडणी आहे, दारात चार्जिंगला लावलेली दुचाकी आहे. आपल्या तालुक्याचा खवा लांब-लांब जातो. त्यातल्या लाकडावर चालणाऱ्या भट्टीला लागूनच सरपणाची रास असते. शिवाय पेरणीआधी बांध पेटवण्याची सवय आहेच.

पाण्याची जागा बदलली. आड बुजले, बोअर आले. बोअरला वीज लागते, आणि आग लागली की पहिली गोष्ट करावी लागते ती वीज बंद करण्याची. म्हणजे ऐन गरजेला बोअर मुका.

आणि माणसं बदलली, म्हणजे आपणच. माझी आई अजून त्याच गल्लीत राहते. मागच्या दिवाळीला मी घरं मोजली. सात घरांना कुलूप होतं. उघड्या घरांतली बहुतेक माणसं साठीच्या पुढची. त्या दुपारी साखळीत जे हात होते ते आज हडपसरला, पिंपरीला, ठाण्याला, काही तर परदेशात आहेत. पोट भरायला बाहेर पडण्यात काही गैर नाही. आपल्या आईवडिलांनी त्याच्यासाठीच आपल्याला शिकवलं. पण आपण गेल्यानं साखळीत जी जागा पडली ती आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरासमोर पडली आहे, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

काही गोष्टी मात्र आज पूर्वीपेक्षा बऱ्या आहेत. दुष्काळानं आपल्याला टँकर दिला. गावोगाव ट्रॅक्टरला जोडायचे पाच हजार लिटरचे टँकर आहेत. फळबागवाल्यांकडे औषध फवारायचे ब्लोअर आणि एचटीपी पंप आहेत. त्या पंपाला वीज लागत नाही, ट्रॅक्टरवर चालतो. टँकर अधिक एचटीपी पंप अधिक लांब नळी, एवढं जोडलं की गावचा बंब तयार. तो २० किलोमीटरवरून येत नाही, चार घरं सोडून उभा असतो. निरोपाचीही सोय आहे. ग्राम सुरक्षा यंत्रणेत एका माणसानं फोन केला की त्याचा आवाज गावातल्या नोंदणी केलेल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी जातो. शिपाईमामांची घंटा आता खिशात आली आहे. केंद्राची 'आपदा मित्र' योजनाही आहे. तिच्यात गावातल्या तरुणांना अशाच पहिल्या तासाचं प्रशिक्षण देतात.

म्हणजे वस्तू आहेत, पाणी आहे, निरोपाची सोय आहे. यादी आणि सराव नाही. माझं सगळं म्हणणं या दोन शब्दांत आहे.

म्हणून मी आपल्या तुकडीपुढं चार गोष्टी ठेवते.

पहिली, यादी. गल्लीनिहाय आणि वस्तीनिहाय एक कागद. टँकर कुणाकडे, पंप कुणाकडे, चावी कुणाच्या घरी, लाइनमनचा नंबर कोणता, आणि एकटी राहणारी म्हातारी माणसं कोणत्या घरात. हा कागद शाळेत, ग्रामपंचायतीत, देवळात आणि मशिदीत लावायचा. त्याची फोनवर चालणारी आवृत्ती मी बिनपैशात करून देते, पण भिंतीवरचा कागद आधी. आग लागल्यावर मोबाइलची बॅटरी किती आहे हे बघायला लागू नये.

दुसरी, सराव. १५ ते २० एप्रिलमधला एक दिवस. शाळेच्या मैदानावर पेंढ्यांची लहान रास पेटवायची आणि घड्याळ लावून विझवायची. टँकर यायला किती मिनिटं लागली ते फळ्यावर लिहायचं आणि पुढच्या वर्षी ते कमी करायचं. नगरपालिकेच्या अग्निशमन कर्मचाऱ्यांना पाहुणे म्हणून बोलवायचं आणि त्यांच्याकडून शिकायचं.

तिसरी, शिकवण. आठवी-नववीच्या मुलामुलींना चार नियम पाठ हवेत. तेलाच्या आगीवर पाणी नाही, झाकण. विजेच्या आगीत आधी वीज बंद, मग पाणी. धुरात उभं राहायचं नाही, खाली वाकून बाहेर पडायचं. आणि कुठलीही वस्तू आणायला पेटत्या घरात परत जायचं नाही. हा चौथा नियम सगळ्यात अवघड आहे. गोदीत गेलेले ६६ जण शिकलेले, कसलेले होते. स्वयंसेवकाचं काम माणसं आणि जनावरं बाहेर काढणं, आग पसरू न देणं आणि बंबाला रस्ता मोकळा ठेवणं, एवढंच. कुणाच्याही कपाटासाठी कुणाच्याही पोरानं जीव घालवायचा नाही.

चौथी, आपला वाटा. जे गावात आहेत त्यांनी पुढाकार घ्यायचा, कारण निर्णय जागेवरच्या माणसाचा. जे बाहेर आहेत त्यांनी साहित्याचा खर्च उचलायचा. नळी, लांब दांड्याचे आकडे, बादल्या, वाळू, शाळेसाठी दोन अग्निशामक नळकांडी. स्नेहमेळाव्याच्या जेवणावर आपण जेवढा खर्च करतो त्याच्या आसपासच हे बसेल. हिशेब मी मांडून आणला आहे, कुणाला बघायचा असेल तर माझ्या पिशवीत आहे.

आणि एक विनंती या स्मरणिकेच्या संपादकांना. दोन पानं मोकळी ठेवा. आपल्या सरांना, बाईंना, गल्लीतल्या आज्यांना विचारून लिहून घ्या की कोणत्या साली कुठली आग लागली, पहिली घंटा कुणी वाजवली, कुणाचा आड उपसला, कुणी रांजण रिकामा केला. ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. या गावाला अग्निशमन दल होतं, त्याला फक्त नाव नव्हतं. त्याचा इतिहास लिहायला आपल्याकडे फार वर्षं उरलेली नाहीत.

सरांनी दहा मिनिटं दिली होती, मी पंधरा घेतली. चहानंतर ज्यांना यादीच्या कामात यायचंय त्यांनी फळ्याजवळ थांबा. वही आणि पेन मी घेऊन आले आहे.